चार घरांचं पाणी

ऑक्टोबरातला शनिवार, दसऱ्याच्या आधीचा. आम्हा दोघांच्या खिशात मिळून एकशे बेचाळीस युरो. हजर तिघं: मी, माझा मित्र फैयाज, आणि जिच्या घरात आम्ही दोन रात्रींसाठी खोली घेतली होती ती सिन्योरा पीना. जागा सिसिली बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरची, डोंगरावर चढत गेलेलं एक जुनं गाव, खाली अडीच हजार वर्षांपूर्वीची पडकी देवळं आणि त्यापलीकडे समुद्र. एवढं आधी सांगून टाकतो, कारण मला मोघम बोलता येत नाही आणि पुढचं सगळं याच गोष्टींवरून घडलं.

फैयाज आणि मी एकाच इंजिनिअरिंग कॉलेजचे. तो शहागंजातला, मी मुकुंदवाडीतला. आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. एका शिष्यवृत्तीवर आम्हा दोघांना वर्षभरासाठी सिसिलीतल्या मोठ्या शहरात शिकायला पाठवलं होतं. समुद्र त्या शहरालाही होता, पण तो बंदराचा, क्रेनचा आणि डिझेलचा. आम्हाला पाहायचा होता वाळूचा समुद्र. मराठवाड्यातल्या माणसाला समुद्र ही भूगोलाच्या पुस्तकातली गोष्ट असते, आणि आता तो रेल्वेनं दोन तासांवर होता. म्हणून ठरलं: शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, शनिवारी देवळं, रविवारी समुद्र, रविवारी रात्री परत. परतीची तिकिटं आधीच काढून ठेवली. तो हट्ट माझा.

पहिला धक्का शुक्रवारी रात्री बसला. खोलीत सामान टाकून मी तोंड धुवायला न्हाणीघरात गेलो, नळ सोडला, आणि नळ खोकला. कोरडा. मी पुन्हा सोडला. पुन्हा तेच. हा आवाज मला पाठ होता, पण तो मुकुंदवाडीत. युरोपात नळाला पाणी नसतं, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हती. मी फैयाजला हाक मारली. त्यानं नळाला कान लावला आणि मटकन टबच्या काठावर बसला.

"राजू, अरे भई, ये तो अपनेच गाव जैसा निकला."

खाली जाऊन विचारलं तर सिन्योरा पीना अगदी सहज म्हणाली, "पाणी उद्या येईल. नाही आलं तर परवा." सत्तरीची बाई, पांढरे केस घट्ट बांधलेले, बोलताना हातातला चमचा हलवायची सवय. आमचं इटालियन तोडकं, तिचं बोलणं गावठी, पण पाण्याच्या बाबतीत आमची भाषा एकच होती. तिनं रात्रीपुरतं पाणी भरलेली एक कळशीएवढी प्लास्टिकची कॅन दिली. सकाळी तिच्यातल्या पाण्यानं तोंडं धुऊन आम्ही देवळं बघायला निघालो. निघण्याआधी मी टबमध्ये बादली ठेवली आणि नळ उघडा करून ठेवला. फैयाजनं घरून आणलेली स्टीलची ताटली बादलीवर आडवी ठेवली, पहिला थेंब पडला की वाजावी म्हणून. त्याबद्दल आमच्यात एक शब्दही झाला नाही. दार ओढून घेतात तितक्या सहज आम्ही ते केलं.

इथं घराबद्दल सांगायला हवं. आमच्या घरी तेव्हा पाणी तिसऱ्या दिवशी यायचं, आणि कोणत्या वेळी येईल ते पाणी सोडणाऱ्यालाही सांगता येत नसावं. घराला टाकी नव्हती. दारात एक पितळी नळ, त्याची तोटी कायम उघडी, खाली ड्रम आणि ड्रमवर एक ताटली. नळ आधी खोकायचा, मग बराच वेळ हवा सोडायचा, मग चूळभर लाल पाणी ताटलीवर पडायचं आणि ती वाजायची. ताटली वाजली की आई हातातलं काम जसंच्या तसं टाकून उठायची. तव्यावर भाकरी असली तर आम्हाला ओरडून सांगायची, "उलट रे ती, करपंल." मग ड्रम, पिंप, हंडा, दोन कळश्या, पातेली, शेवटी चहाची किटलीसुद्धा. भांड्यांचा क्रम ठरलेला. पाणी भरतं तसा प्रत्येक भांड्याचा आवाज बदलतो आणि कोणतं भांडं किती भरलं हे आई पाठमोरी असतानाही सांगू शकायची. पाण्याच्या दिवशी आमच्याकडे येसराची, म्हणजे भाजक्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी आणि भाकरी ठरलेली, कारण त्या आमटीकडे सारखं बघावं लागत नाही. त्या वासाबरोबर मला आजही भांड्यात पडणारी धार ऐकू येते. आता आमच्या शहरात पाणी किती दिवसांनी येतं ते लिहीत नाही. हे छापून होईपर्यंत तो आकडा बदलेल, आणि कमी काही व्हायचा नाही.

तर ती देवळं. एका लांबलचक टेकाडावर ओळीनं उभी, पिवळट दगडांची, खांब एवढे जाड की आम्ही दोघांनी हात धरले तरी कवेत येईना. एका देवळाचे खांब पडून चकत्यांसारखे एकमेकांवर सांडले होते. वेरूळला डोंगर वरून खाली कोरत आणलेला बघत आम्ही मोठे झालो, त्यामुळे दगडांचं आम्हाला फार अप्रूप वाटणार नाही असा माझा समज होता. पण समोर खांबांच्या मधून निळा समुद्र दिसला आणि आम्ही दोघं तिथंच एका दगडावर टेकलो. खरी गंमत पुढं होती. टेकाडाच्या पोटात खडकात खोदलेले बोगदे होते, पाण्याचे. युद्धात पकडून आणलेल्या कैद्यांकडून ते खोदून घेतले होते, आणि त्यांतल्या एकातून अजूनही पाणी झिरपत खालच्या संत्र्यांच्या बागेत येत होतं. मी उताराचा अंदाज घ्यायला लागलो. फैयाज उकिडवा बसून आत वाकून बघत होता.

"आपल्या शहराखालच्या जुन्या नहरींसारखंच की रे," मी म्हणालो.

"हौ. फरक इतनाच, इनके नहर का पानी अभी बी आता." मग मागं गावाकडे बघून म्हणाला, "नीचे नहर चालू, ऊपर नळ कोरडा. हे लोक पन अपनेच भाईबंद निकले, मियाँ."

आम्ही तिथं दीडएक तास हेच बोलत बसलो. जुन्या लोकांनी पाण्याचा थेंब कसा वाया जाऊ दिला नाही, उतार किती नेमका ठेवला, आपल्याकडच्या लोकांना हे कधी कळणार. दोघेही मोठ्या माणसांसारखं बोलत होतो. ते आठवलं की आजही मला घाम फुटतो.

संध्याकाळी परत आलो तेव्हा जिन्यातच आवाज ऐकू आला. धार. भरल्या बादलीवर पडणारी सुखी धार. फैयाज म्हणाला, "आ गया." आम्ही दोन-दोन पायऱ्या चढलो. खोलीचं दार उघडं होतं. न्हाणीघरात सिन्योरा पीना टबशी उभी होती, एक हात नळाच्या तोटीवर. आमच्यासमोर तिनं ती बंद केली. बंद करायला फारसं काही उरलं नव्हतं. तोवर धार बारीक होत करंगळीएवढी झाली होती. बादली काठोकाठ भरलेली, ताटली बाजूला सरकलेली. फरशीवर एक थेंब नाही. टबच्या तळाच्या भोकातून सगळं गेलं होतं, दुपारभर.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बोट वर केलं, छताच्या पलीकडे, गच्चीकडे. तिथं टाकी होती. गावाचं पाणी दुपारी आलं, नळाला नव्हे, त्या टाकीत आलं, आणि टाकीतून सरळ आमच्या उघड्या नळातून टबात. खाली बसून ती दुपारभर नळीतला आवाज ऐकत होती. आज पाणी चांगलं आलंय, टाकी भरतेय, असं तिला वाटत राहिलं. मग तिनं तेच बोट खाली आणलं आणि मोजलं. ती स्वतः. समोरच्या खोलीतला तिचा आजारी भाऊ. वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई. त्याच्या वर तान्ह्या मुलीचे आईबाप.

"चार घरं," ती म्हणाली. "पुढचं पाणी गुरुवारी."

एखादी मूर्ती फोडली असती, छत गळून कुणाचा पलंग भिजला असता, तर मी इतका हादरलो नसतो. त्याची भरपाई सांगता येते. हे पाणी होतं. आमच्या गल्लीत एकानं चोरून मोटर लावून पाणी ओढलं होतं, तेव्हा त्याच्या दारात बायका रिकामे हंडे घेऊन जमल्या होत्या आणि त्यांच्यात माझी आई सगळ्यांत पुढं होती. त्या माणसाची बायको आत रडत होती. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन, आईच्या मागं उभा राहून मलाही वाटलं होतं की असल्या माणसाला गल्लीत ठेवू नये. आता तो माणूस मी होतो. वरून तान्ह्या मुलीचं रडणं ऐकू येत होतं. ती कशासाठीही रडत असेल, मला ते पाण्यासाठीच वाटलं.

फैयाज माझ्याआधी भानावर आला. इटालियन शब्द आठवेना तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवलं, मग पाठीमागं मोठी गोल टाकी दाखवली, मग नळी. "टँकर," तो म्हणाला. "सिन्योरा, टँकर."

ती पहिल्यांदाच हसल्यासारखी झाली. "तुला कसं माहीत?"

"आमच्या गावात पोरगं आधी आई म्हणतं, मग टँकर म्हणतं."

हे त्यानं कोणत्या भाषेत सांगितलं ते मला सांगता येणार नाही, पण तिला कळलं.

टँकरवाला रविवारी सकाळी आला. एकशे वीस मागितले, रविवारचे वेगळे. खोलीचे छत्तीस बाजूला काढून आमच्याकडे एकशे सहा राहत होते. फैयाजनं शहागंजात घड्याळाचा पट्टा विकत घ्यावा तसा भाव करायला सुरुवात केली. साठ म्हणाला, तोंड फिरवून चालायला लागला, परत आला, टँकरला एक चक्कर मारून तळाशी गळतंय असं बोट दाखवलं. सिन्योरा पीना मध्ये पडली, अर्धे मी देते म्हणाली, तुम्हाला टाकीचं सांगायला हवं होतं. मला ते अर्धे हवे होते, खोटं कशाला बोलू. फैयाजनं तिच्याकडे न बघताच हात हलवला. "नक्को." शेवटी पंचाण्णववर तुटलं. नळी घेऊन आम्ही दोघं गच्चीवर चढलो आणि मी टाकीत वाकून बघत राहिलो. आत एका दांडीला पितळी गोळा लावलेला होता. पाणी चढत गेलं तसा तो तरंगत वर आला, आणि पाणी काठाशी पोचलं तेव्हा दांडी आडवी होऊन गावाच्या पाण्याचं तोंड बंद झालं. कुणी बघायला नको, कुणी ऐकायला नको. परीक्षेत मी त्याची आकृती काढली होती, पैकीच्या पैकी मार्कांची.

दुपारी तिनं आम्हाला जेवायला बसवलं. बडीशेपेचा पाला घातलेले मासे आणि शेवयांपेक्षा जाड असं काहीतरी. आम्ही तिला घरची शेंगदाण्याची चटणी दिली. ती तिनं पावावर घेतली, डोळ्यांत पाणी आलं, आणि आणखी घेतली. मग चमचा माझ्याकडे करून म्हणाली, "एक सांग. नळ उघडा ठेवायला कुणी शिकवलं?"

"आमच्याकडे तसंच असतं. पाणी आलं की कळावं म्हणून."

"कुणाला कळावं?"

"आईला."

"आणि आई बाहेर गेली असेल तर?"

"ती घरीच असते," मी म्हणालो.

"नेहमी?"

मी फैयाजकडे बघितलं. त्यानं ताटात बघत हळूच म्हटलं, "मेरी बी अम्मी घरीच रहती." सिन्योरा पीनानं तिघांच्या ताटल्या उचलल्या आणि एका छोट्या तपेल्यातल्या पाण्यात, एकातच, तिन्ही धुतल्या. माझी आई अगदी तशीच धुते.

मग आम्ही समुद्रावर गेलो. बसला पैसे घालवायचे नाहीत म्हणून पायी उतरलो. त्या घरातलं पाणी अंगावर घ्यायची आमची हिंमत नव्हती, म्हणून दोन दिवसांची अंघोळ समुद्रातच करायची असं ठरवून साबण सोबत घेतला होता. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे आम्हाला कुठून माहीत असणार. आम्ही घासत राहिलो आणि अंगाला पांढरा चिकट लेप बसत गेला. बाजूच्या लोकांनी पोहायचं थांबवून आमच्याकडे बघितलं. फैयाज कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हसत सुटला. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात तो एक शब्द फिरत होता. नेहमी? मी समुद्राकडे पाठ करून आठवायला लागलो. वेरूळला आम्ही गेलो होतो, वडील, बहीण आणि मी. आईनं धपाटे बांधून दिले होते. अजिंठ्याला गेलो, फर्दापूरला खाली उतरून चहा घेतला, तेव्हाही तिघंच. लासूर स्टेशनच्या मावशीच्या मुलाचं लग्न झालं, आई हळदीला जाऊन रात्रीच परतली. प्रत्येक ठिकाणी मी तिला शोधलं, आणि ती प्रत्येक ठिकाणाहून आमच्या दारात निघाली, ड्रमपाशी.

संध्याकाळी स्टेशनाजवळच्या दुकानातून घरी फोन लावला. घरी रात्र झाली होती. फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"राजू? जेवला का?"

"जेवलो. तू काय करते?"

"काय करणार. पाण्याची वाट बघते. अजून नाय आलं."

"आई, दसऱ्याची नागपूरची बस निघणार आहे का?"

"निघंल ना. बुधवारी. तुझे बाबा चाललेत, कांबळेकाका चाललेत, पोरगी चाललीय. निम्मी गल्ली चाललीय."

"आणि तू?"

"मी कशी जाऊ? तीन दिवसांची बस. त्यात एक दिवस पाण्याचा येतोच."

बस दरवर्षी आमच्या दारातून दीक्षाभूमीला निघायची. निळे झेंडे लावलेली, वर लाऊडस्पीकर. वडील मंडळाचे, त्यामुळे त्यांना जावंच लागायचं. आम्ही मुलं खिडकीसाठी भांडायचो. आईनं लग्नाआधी, मुलगी असताना, एकदा दीक्षाभूमी पाहिली होती आणि तिथली गर्दी, तिथला पांढऱ्या साड्यांचा समुद्र ती आम्हाला इतक्या बारकाव्यानं सांगायची, की ती दरवर्षी आमच्याबरोबर असते असाच माझा समज होऊन बसला होता. आम्ही खिडकीतून हात हलवायचो तेव्हा ती खाली उभी असायची हे मी वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघितलं होतं.

"शेजारच्या काकूंना सांग ना," मी म्हणालो.

"तिचं पाणी बी त्याच टायमाला येतं की. ती तिचं भरंल का माझं?" मग जरा थांबून म्हणाली, "तुला कुनी काय बोललं का तिकडं?"

"नाही."

"मग असं का इचारतो? मी कवा तक्रार केली का?"

नव्हती केली. तेच तर. कार्डावरचे पैसे संपत आल्याचा सूर वाजायला लागला, तेवढ्यात तिकडून ताटली वाजली. मला स्पष्ट ऐकू आली. "आलं रे, ठेवते," म्हणून तिनं फोन ठेवला. मी रिसीव्हर कानाला लावून तसाच उभा राहिलो, बाहेर फैयाज गाडी सुटते म्हणून हातवारे करत होता.

उन्हाळ्यात परत आलो. शिष्यवृत्तीतून काही पैसे वाचले होते. वडिलांच्या मनात त्यात जुनी स्कूटर बसत होती. मी एक काळी टाकी आणली, पाण्याला दाब नसल्यामुळे ती जमिनीलगत बसवली, दारातल्या उघड्या नळाला जोडली आणि आत पितळी गोळा लावून घेतला. वडील म्हणाले, "ह्याच्यासाठी परदेशात गेलता व्हय?" आईनं तर पहिले दोन महिने टाकीवर भरवसाच ठेवला नाही. पाणी आलं की उठून जायची, झाकण काढून आत वाकायची, गोळा वर चढताना बघत उभी राहायची. एकदा मी विचारलं, काय बघते? म्हणाली, "मला कामावरून काढलं का काय, ते बघते." ती हसत होती, पण झाकण अजून हातातच होतं. फैयाज आता आखातात असतो. फोन केला की सलामाआधी विचारतो, "नळ बंद है ना?"

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी बस दारात लागली तेव्हा आई पांढरी साडी नेसून तयार होती. पायरीवर पाय ठेवला, काढला, घरात गेली. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं, ही काही येत नाही. दोन मिनिटांनी ती बाहेर आली, बसमध्ये चढली, खिडकीशी बसली आणि मला जवळ बोलावून हळू आवाजात विचारलं, "नळ उघडाच हाय ना रे?"

"उघडाच आहे."

"मग जाऊ दे," ती म्हणाली.

टाकी, गोळा आणि मजुरी मिळून प्लंबरला दोन हजार एकशे चाळीस रुपये मी दिले. बसभाड्याचे तीनशे वीस वडील खिशातून काढत होते; आईनं त्यांचा हात मागं सारला आणि पदराची गाठ सोडून ते बसचे पैसे गोळा करणाऱ्या कांबळेकाकांच्या हातात स्वतः मोजून दिले.